बगळ्याचा डोळा

शहापुरात आमचा फोटोचा स्टुडिओ होता. यजमान फोटो काढत आणि मी काचेच्या प्लेटा दुरुस्त करी. पुढ्यात उतरतं डेस्क, काचेमागून खिडकीचा उजेड, हातात टोकदार पेन्सिल आणि न्हाव्याच्या वस्तऱ्याचा तुकडा. प्लेटेवर सगळं उलटं असतं. पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत तिथं पांढरं येतं, वस्तऱ्यानं खरवडलं की काळं. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत आणता येत नाही. लग्नानंतर यजमानांनी मला हे शिकवलं आणि आपण शेजारच्या डेस्कावर जाऊन बसले. आमचा संसार बहुतेक तिथंच झाला.

महायुद्धाच्या दिवसांत ते तापानं गेले. गेल्यावर ध्यानात आलं की घरात त्यांचा एकही फोटो नाही. कॅमेऱ्यामागं कायम तेच असायचे. माझे धाकटे दीर निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते, ते निरोप मिळताच आले. त्यांना कॅमेरा जेमतेम चालवता येई. यजमानांना अंगणात खुर्चीवर टेकवून बसवलं आणि भावजींनी फोटो घेतला. प्लेटा बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या. कोरी अशी ती एकच उरली होती.

सुतक फिटल्यावर मी कामाला बसले. गावातल्या एका वकीलसाहेबांना पक्ष्यांचा नाद होता. जिवंत पक्षी तेव्हाच्या कॅमेऱ्यात धरता येत नसे, मान हलली की सगळं धुरकट. म्हणून ते सांबऱ्याकडच्या तळ्यावर बंदूक घेऊन जात, मारलेला पक्षी आणत, दोऱ्यानं फांदीवर उभा बांधत आणि यजमान त्याचा फोटो काढत. फोटोतला दोरा नाहीसा करायचा आणि विझलेला डोळा जिवंत करायचा, हे माझं काम. यजमानांनी आजारी पडण्याआधी काढलेल्या अशा बऱ्याच प्लेटा तशाच पडून होत्या.

शेजारणी येत, माझ्या तोंडाकडे बघत बसत आणि जात. मी रडले नव्हते. मला काही वाटतच नव्हतं. भात शिजला की कच्चा राहिला हे तोंडात घालूनही समजत नसे. पण दोरा कुठं संपतो आणि पाय कुठं सुरू होतो ते काचेवर स्वच्छ दिसे, म्हणून मी तिथं बसे. शेजारच्या विणकराच्या मागाचा खटखटाट दिवसभर चाले. तो थांबला की जेवायची वेळ झाली असं समजायचं.

पहिला बगळा वकीलसाहेबांना पसंत पडला नाही. ते बाहेरच्या खोलीतून भावजींशी बोलले, पण आत मला ऐकू येईल अशा बेतानं.

"बाईंना म्हणावं, हा बगळा आमच्या कोर्टातल्या शिरस्तेदारासारखा बघतोय."

बरोबर होतं. माणसांचे डोळे करायची सवय, मी बगळ्याच्या डोळ्याला दोन्ही कडांना पांढरं दिलं होतं. दुसऱ्या प्लेटेत बुबुळ वाटोळं खरवडलं आणि वरच्या अंगाला एक ठिपका तसाच राखला. छापल्यावर तिथं उजेड चमकला. बगळा बगळ्यासारखा दिसू लागला.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पाखरांचं डोळं उघडतीस," त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाचं न्हाय व्हय उघडायचं?"

आमच्या भागात गेलेल्या माणसाचा फोटो मिटल्या डोळ्यांनी कुणी भिंतीवर लावत नसे. आत्याबाईंना तसा तर बघायलाही नको होता. लोकांच्या कितीतरी माणसांचे डोळे मी उघडून दिले होते. घरच्यांना विचारायचं, मोठे होते का बारीक, काळे का घारे, की झालं. इथं घरची मीच होते.

प्लेट डेस्कावर लावली आणि वस्तरा घेतला. हात चालेना. घाबरले होते असं नाही. पापणीखाली काय होतं ते मला माहीतच नव्हतं. सगळ्या पेठेचे डोळे मला पाठ होते, आणि हे माणूस कायम काळ्या कापडाखाली, नाहीतर काचेवर वाकलेलं. आम्ही दोघं आपापल्या प्लेटांकडे बघत बोलायचो.

भावजींना विचारलं. त्यांनी बराच विचार केला.

"अण्णाचं डोळं अण्णासारखंच हुतं की, वैनी."

आत्याबाईंना विचारलं तर त्या पाळण्यातल्या डोळ्यांचं सांगू लागल्या.

प्लेट एकच. बुबुळ चुकलं तर परकाच माणूस भिंतीवर बसणार आणि त्याला हार घालायचा. मी वस्तरा ठेवला, पक्षी संपवले, सगळे वकीलसाहेबांकडे पोचते केले. मग पुन्हा ती प्लेट लावली. उजवीकडच्या त्यांच्या डेस्काकडे एकदा बघितलं. माझ्या जागेवरून ते जेवढे दिसत तेवढेच मला येत होते.

डोळे उघडलेच नाहीत. दोन्ही पापण्यांच्या खालच्या कडेला बारीक रेघ खरवडली, केसाएवढी, आणि प्रत्येक रेघेत उजेडाचा एक कण राखला. बाकी कशाला हात लावला नाही.

छापून फोटो आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला.

"खाली काय बघतोय गं त्यो?"

"प्लेट बघतायत."

त्यांनी पदरानं फोटो पुसला. पुसू नका, अजून ओला आहे, असं मी म्हटलं तरी पुसला.

"व्हय," म्हणाल्या. "हाक मारली तरी वर बघायचा न्हाय."

आणि खिळा कुठं मारायचा ते भावजींना दाखवायला गेल्या. माग थांबला होता. मी भात लावला.