बारीक दाण्याची पट्टी

भट्टीतून काहीही ओतलं, की आमचे मिस्त्री धातूच्या त्याच रसाची एक कांडी वेगळी ओतायचे. निवली की हातोड्यानं मोडायचे आणि मोडलेलं टोक उन्हात धरायचे. "दाना पाह्यला का, मास्तर?" मी यवतमाळच्या औद्योगिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. मला त्यात नुसती चकाकी दिसे.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी ते राळेगावहून आमच्याकडे ओतकाम शिकवायला आले. शिक्षण चौथी. ॲल्युमिनियमला ते सगळ्यांसारखंच 'जर्मन' म्हणत.

एकदा मारेगावकडचा एक मजूर आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. पोलिओनं तिचा डावा पाय लुळा पडला होता. दवाखान्यातून मिळालेल्या, पायाला बांधायच्या लोखंडी पट्ट्या तिला उचलवत नव्हत्या. मिस्त्रींनी मिश्र ॲल्युमिनियमच्या हलक्या पट्ट्या करून द्यायचं कबूल केलं. माप मी काढलं.

ओतलेली पट्टी घोट्याशी वळण द्यायला तापवली, तर वळणावर केसाएवढी चीर गेली. मी म्हणालो, "घासली तर दिसणार नाही." बापही म्हणाला, "एवढ्यानं काय होते?"

"पोरगी वजन टाकीन ना यावर," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पट्टी मोडून टाकली. मग मला जवळ बोलावलं. "पाहा, साखरेच्या खड्यावानी दाना हाय. तापला का दान्याच्या जोडाजोडातून फाटते. चूक माहीच. या खेपेला कांडी मोडून पाह्यली नाही. रस जास्त तापवला, अन् वाळूत हळूहळू निवू देला."

बापाला त्यांनी पुढच्या बाजाराला यायला सांगितलं. मुलीला वाटलं असावं, आता पट्ट्या मिळत नाहीत.

या वेळी रस पातळ होताच त्यांनी तो जाड लोखंडी साच्यात ओतला. झटकन निवला. कांडी मोडली, तर आत रव्यासारखा बारीक दाणा. तो मलाही दिसला. मग त्यांनी पट्टीवर साबणाची रेघ ओढली आणि ती रेघ काळसर होईपर्यंतच पट्टी तापवली; ताप ओळखायची ती त्यांची खूण. दोन्ही पट्ट्या चामड्यासारख्या वळल्या.

बाजाराच्या दिवशी मुलगी भिंत धरून उभी राहिली. मग भिंत सोडून सहा पावलं चालली. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे नाही, घोट्याकडे बघत होते. "दुखते का?" "नाही." एवढंच बोलणं झालं.

काही वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले. त्यानंतर शाळेत धातूंवरचं एक नवं पुस्तक आलं. त्यात कणरचना, म्हणजे मिस्त्रींचा 'दाना', आणि तापल्यावरचा ताण यावर अख्खं प्रकरण होतं. ते त्यांना दाखवायला मी एसटीनं राळेगावला गेलो.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मिस्त्री जाऊन तीन महिने झाले होते. कोणी आम्हाला कळवलं नव्हतं.

मी पुस्तक पिशवीत ठेवू लागलो, तशी ती म्हणाली, "काय लिवलं हाय त्यात?"

"त्यांच्या कामाचं."

तिनं बाज पुढे ओढली. "मंग वाचा. सावकाश वाचा, मी आयकून राह्यली."