इब्राहिम मिस्त्रीचे बारा सूत

भिंगारचे इब्राहिम मिस्त्री डावा डोळा मिटून भिंतीकडे बघायला लागले, की ज्याची भिंत असेल तो हातातलं काम टाकून जवळ यायचा. उजव्या डोळ्याने विटांच्या थरावरून पार टोकापर्यंत नजर जायची आणि मग हळूच निकाल यायचा, "दोन सूत वर हाय." एका इंचात आठ सूत, म्हणजे दोन सूत पाव इंच. घरमालकाला तो पाव इंच दिवसभर शोधून सापडला नसता. मिस्त्री मात्र पाण्याची नळी मागवायचे. त्या पारदर्शक नळीचं एक टोक भिंतीच्या या कडेला, दुसरं त्या कडेला धरलं की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं, ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नळीही सांगायची, दोन सूत. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. या चाळीस वर्षांत मिस्त्रींची एकही भिंत पाडावी लागली नव्हती.

एवढं करून नाव किती झालं? "भिंगारचा म्हातारा मिस्त्री ना, बरं काम करतो." बस. सरळ भिंतीकडे मान वळवून बघायला लोकांना काय पडलंय? मिस्त्रींना त्याचं वाईट वाटायचं, पण ते बोलून दाखवत नसत.

मग डोळे तपासणीच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू धरलाय, आणि तो नेमका उजव्या डोळ्यात. अजून पिकला नाही, पावसाळ्यानंतर ऑपरेशन करू. मिस्त्रींनी ही गोष्ट फक्त बायकोला, हाजराबींना सांगितली. हाताखाली काम करणाऱ्या मुलाला, तौसीफलाही सांगू नकोस म्हणाले. थापी काय कुणीही धरतो. मिस्त्री ओळखला जातो तो नजरेवर, आणि तीच गेली तर उद्यापासून आपण कोण, या विचाराने ते खरोखर धास्तावले होते.

अशा वेळी नेमकं नको तेच ऐकवायला रामहरी भेटला. रामहरी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. नेवासा रोडला त्याच्या घराचं काम मिस्त्रींनीच केलं होतं आणि आता शेवटची, रस्त्याकडची चाळीस फुटी कंपाउंडची भिंत उभी राहिली होती. मिस्त्री आणि तौसीफ नळी धरून पातळी बघत होते, तेवढ्यात रामहरी चहा घेऊन आला.

"मिस्त्री, नगरला मेव्हण्याच्या बिल्डिंगवर लेझर लावत्यात. हिरवी रेघ पडती भिंतीवर. तुमी अजून पानीच बघताय व्हय?"

"पानी खोटं बोलत न्हाई, रामहरीभाऊ."

"पानी न्हाई बोलत. पन बघनाऱ्याचं वय व्हतं ना. तिकिटाचं मशीन आलं तवा मीबी लई कुरकुरलो हुतो. पन मशीन ते मशीन."

तो आपला सहज बोलून गेला. मिस्त्रींच्या मात्र ते थेट उजव्या डोळ्यात गेलं.

त्याच आठवड्यात शिर्डीला एका लॉजच्या फरशीचं काम होतं. संध्याकाळी हार-प्रसादाच्या दुकानांसमोर एक फेरीवाला भेटला. त्याने पेनाएवढी काळी कांडी काढून बटण दाबलं, आणि समोरच्या पाच मजली लॉजच्या टाकीवर हिरवागार ठिपका उमटला.

"चाचा, दस किलोमीटर जाता है."

"मला चाळीस फूट पुरे," मिस्त्री म्हणाले.

भाव पाचशेवरून दोनशेवर आणला. वाळू हातात चोळून बघणारा, वीट विटेवर वाजवून घेणारा हा माणूस, पण लेझर किती लांब जातं एवढंच त्याने ऐकून घेतलं. सरळ जातं का, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. उजेड वाकडा कशाला जाईल? खोक्यावर एका डोळ्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली होती. हे डोळ्यात मारू नका, असं ती फुली सांगत होती. मिस्त्रींनी ते चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि त्याचा अर्थ लावला, की आता डोळ्याचं काम नाही. परतीच्या वाटेवर ते बऱ्याच दिवसांनी मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यांनी कांडी लेव्हलच्या पट्टीवर रबराने बांधली, बटण वर ठेवून. पट्टीतला बुडबुडा मधोमध आणला आणि रामहरीच्या भिंतीच्या माथ्यावरून ठिपका सोडला. पलीकडच्या टोकाला तौसीफ फरशीचा तुकडा धरून उभा होता. ठिपका पडला आणि मिस्त्रींचा चेहराही पडला. भिंतीचं ते टोक बारा सूत वर दिसत होतं. दीड इंच!

"अब्बा, नळी तर बरोबर सांगत हुती," तौसीफ म्हणाला.

"नळीत हवा अडकली आसंल."

तीनदा बघितलं, तिन्ही वेळा बटण वर ठेवून. तिन्ही वेळा बारा सूत. मग मिस्त्रींनी डावा डोळा मिटून स्वतः बघितलं. भिंत सपाट दिसत होती. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. बारा सूत दिसत नाहीत म्हणजे डोळा गेलाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वरचे थर पाडायला घेतले. रामहरी धावत आला. "मिस्त्री, खूळ लागलं का? चांगली भिंत हाय!"

"चांगली न्हाई. माझी चूक हाय. खर्च माझा," मिस्त्री म्हणाले. नवे थर लेझरच्या इशाऱ्यावर चढले, त्या टोकाला बारा सूत खाली.

आणि काय सांगावं, त्या आठवड्यात मिस्त्री प्रसिद्ध झाले. स्वतःची भिंत स्वतःच्या पैशाने पाडणारा मिस्त्री! वास्तुशांतीला रामहरीने त्यांना टॉवेल-टोपी-नारळ दिला. थापी, ओळंबा पूजेला ठेवतात, तशी त्याने लेझरची कांडी सगळ्यात पुढे ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं. चार गावच्या लोकांनी मिस्त्रींचा नंबर घेतला. चाळीस वर्षं सरळ बांधून जे मिळालं नव्हतं, ते एक भिंत पाडून मिळालं. मिस्त्री आनंदात घरी आले.

हा आनंद हाजराबींनी संपवला, तोही पोळ्या लाटता लाटता. मिस्त्री कौतुकाने त्यांना कांडी दाखवत होते. स्वयंपाकघरातून पुढच्या दारातून पार गल्लीपलीकडच्या भिंतीवर, तीस फुटांवर ठिपका पडला होता. हाजराबींनी कांडी हातात घेतली. नवं लाटणं घेताना ते वाकडं नाही ना, हे बायका पोळपाटावर गरागरा फिरवून बघतात. हाताच्या सवयीने त्यांनी कांडीही बटण दाबून धरत तशीच पोळपाटावर फिरवली.

पलीकडच्या भिंतीवरचा ठिपका जागेवर थांबला नाही. त्याने बांगडीएवढा गोल काढला.

"तौसीफचे अब्बा, ह्ये तर वाकडं हाय," त्या म्हणाल्या. "असलं लाटणं मी घरात घेतलं नसतं."

मिस्त्रींनी स्वतः फिरवून बघितलं. पुन्हा बांगडी. उजेड सरळच जात होता, कांडीत बसवलेला मात्र वाकडा होता. बटण वर असलं की ठिपका गोलाच्या खालच्या कडेला जायचा. तीस फुटांना नऊ सूत, चाळीस फुटांना बारा. हिशेब चोख जुळत होता. म्हणजे पाणी खरं होतं, डोळाही खरा होता, आणि आयुष्यातली एकमेव वाकडी भिंत त्यांनी सरळ भिंत पाडून बांधली होती. ते पोळपाटाशेजारीच बसून राहिले. हाजराबींनी कांडीतले सेल काढून टीव्हीच्या रिमोटला लावले.

सकाळी पहिल्या एसटीने मिस्त्री रामहरीकडे गेले. सगळं सांगितलं, बारा सुतांसकट. पुन्हा बांधून देतो, खर्च माझाच, म्हणाले. रामहरी हसला. मिस्त्रींनी मग तांब्याभर पाणी मागितलं आणि भिंतीच्या माथ्यावर ओतलं. पाणी सुळकन एका टोकाकडे धावलं आणि खाली नालीत पडलं.

"बघितलं? उतार हाय," मिस्त्री म्हणाले.

रामहरीने वाकून नालीत पडलेलं पाणी बघितलं. मग त्याने मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "पावसाचं पानी मुरू नये म्हनून उतार दिलाय ना? मला सांगायचं न्हाई का? लई डोकं हाय तुमच्यात. आता हात लावायचा न्हाई ह्या भिंतीला, लोक बघायला येत्यात."

"उतार न्हाई, चूक हाय," मिस्त्री पुन्हा म्हणाले.

"तुमचा मोठेपना हाय, मिस्त्री." रामहरी चहा सांगायला आत गेला.

आता मिस्त्रींना कामाला तोटा नाही. लोक फोनवर आधी विचारतात, लेझर आणणार ना? मिस्त्री आणतात. सेल नसलेली कांडी दिवसभर खिशाला लावून ठेवतात आणि नळीच्या पाण्याने भिंत बांधतात. लोक कांडीकडे बघून निर्धास्त असतात.

ऑपरेशन अजून झालेलं नाही, पावसाळ्यानंतरची तारीख मिळाली आहे. नेवासा रोडने जाताना मिस्त्री एसटीत मुद्दाम पलीकडच्या बाजूला बसतात, पण रामहरीचं घर आलं की मान आपोआप वळते. गाडी वेगात असते, खिडकीची काच मळलेली असते आणि उजव्या डोळ्यावर साय धरलेली असते. मिस्त्री डावा डोळा मिटतात. बारा सूत अगदी स्पष्ट दिसतात.

लाज वाटते. पण डोळा अजून शाबूत आहे, याचा आनंद त्याहून थोडा जास्त होतो, आणि तो कुणाला सांगता येत नाही.