काढून टाकलेल्या नऊ ओळी

साखरखेर्ड्याची निशिगंधा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. शेतातली ओल मोजणाऱ्या यंत्राचं कर्नल, म्हणजे प्रोसेसरला चालवणारी मूळ प्रणाली, तिच्याकडे होती. यंत्राची बॅटरी आठवड्यात संपायची. काम नसतानाही टायमर प्रोसेसरला सेकंदाला शंभर वेळा उठवतोय, हे तिनं शोधलं. ते उठवणं थांबवून तिनं रिकाम्या प्रोसेसरला गाढ झोपेत पाठवलं आणि बॅटरी चार महिने पुरेल असं झालं.

ऑनलाइन बैठकीत तिच्या वरिष्ठ वंदना मॅडमनी हे काम स्वतःचं म्हणून सांगितलं. निशिगंधा मध्येच बोलायला गेली आणि गडबडीत 'मला'ऐवजी 'मले' म्हणाली. मॅडम हसल्या, मग सगळेच हसले.

पुढं तिच्या लक्षात आलं, मॅडमनी तिच्या कोडमधल्या नऊ ओळी फालतू समजून काढल्यात. गाढ झोपेत प्रोसेसरचा स्वतःचा टायमरही बंद पडतो, म्हणून त्याला उठवायचं काम आधीच दुसऱ्या, कायम जाग्या टायमरकडे द्यावं लागतं. त्याच त्या ओळी होत्या. ऑफिसात यंत्राला सतत केबल जोडलेली असायची, त्यामुळे ते गाढ झोपतच नव्हतं आणि चूक दिसत नव्हती. निशिगंधानं लॅपटॉप मिटला. कोणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

देऊळगाव राजाजवळच्या शेतात चाळीस शेतकरी यंत्र बघायला जमले. मॅडमनी केबल काढली. दर दहा मिनिटांनी मोबाइलवर आकडा यायचा होता. अर्धा तास गेला, काहीच आलं नाही. भेंडीचा तोडा सोडून आलेल्या कोकिळाबाई उठल्या, त्यांच्यामागं बाकीचेही.

मॅडमनी तिथं आलेल्या निशिगंधाला बाजूला घेतलं. "काय झालं असेल गं?"

"मले काय माहीत, मॅडम? काम तर तुमचं हाये."

संध्याकाळी तिनं त्या नऊ ओळी, आपल्या नावासह आणि जुन्या तारखेसकट, कंपनीतल्या सगळ्या वरिष्ठांना पाठवल्या. आठवड्याच्या आत काम तिच्या नावावर झालं.

"आधीच काऊन नाही सांगितलं?" तिच्या आईनं, अन्नपूर्णाबाईंनी, विचारलं. "लोकायचा दिवस तरी वाया गेला नसता."

कोकिळाबाईंचं तिला वाईट वाटलं. मॅडमचं नाही. मॅडमनी माफीचा मेल पाठवला तेव्हा तिनं एवढंच कळवलं, की हे सगळ्यांसमोर बोला.

सोमवारच्या बैठकीत मॅडम खाली बघत बोलल्या.

"ऐकू नाही आलं, मॅडम," निशिगंधा म्हणाली. "पुन्हा सांगता?"

तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.