तक्रार वर जाते!

कॉम्प्युटर क्लासमध्ये महिना काढला की इतके किस्से जमतात, की घरचे ‘आज काय झालं?’ विचारायलाच घाबरतात. आमगावच्या एका क्लासमध्ये मी शिकवायला महिनाभर ट्रायलवर होते. जमलं तर पक्की, नाही तर घरी! डिग्री आहे हो माझ्याकडे; पण तिथले सगळे कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्सवर, आणि लिनक्स मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

*

पहिल्याच दिवशी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, पासवर्ड टाकला, तर स्क्रीनवर साधा ठिपकाही उमटेना! मी तीन कीबोर्ड बदलले.

मागून क्लासचे मालक, म्हणजे आमचे सर, ओरडले, “काऊन कीबोर्ड उपटून राहिल्या मॅडम? तो दाखवत नाही, पण ऐकून घेते!”

मी दचकले आणि चौथाही पाडला.

*

मग प्रिंटर जोडायला कमांड दिली. उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही, या घटनेची तक्रार केली जाईल. तेही माझ्या नावासकट! मी धावत सरांना गाठलं.

“सर, ही तक्रार जाते कुठे?”

“वर,” सर छताकडे बघून म्हणाले.

त्यानंतर अनोळखी फोन मी उचललाच नाही.

*

एकदा साऱ्या बॅचने तासभर अर्ज टाइप केला, आणि कोणाचाच सेव्ह होईना. फोल्डर निघालं हे कॉम्प्युटर बसवून गेलेल्या गोंदियाच्या इंजिनिअरच्या नावावर! क्लासमधल्या सगळ्यात मोठ्या विद्यार्थिनी लताकाकू शांतपणे म्हणाल्या, “आमच्या गावच्या तलावासारखं हाय हे. पाणी साऱ्याईनं पाहाचं, पण पाणी सोडाचा दरवाजा एकानंच उघडाचा. अन् तो गावात नाही!”

*

शेवटी चिडून मी माझ्या फोल्डरची सगळी परवानगी सगळ्यांना देऊन टाकली. दुपारपर्यंत त्यातल्या हजेरीच्या फाइलमध्ये लग्नाला गेलेले पोट्टेसुद्धा हजर! घाबरून परवानगी काढली, तर माझीही गेली.

सर म्हणाले, “स्वतःलेच बाहेर काढल्या? ते काम तर माझं होतं, महिना भरल्यावर!”

*

महिना भरला त्या दिवशी इंजिनिअर आला. त्याने एक मेलबॉक्स उघडला. “सगळ्या तक्रारी इथे जमा होतात. कोणी उघडूनच नाही पाहिला वाटते. वाचू?”

“वाचा, वाचा!” सर खूश. “मॅडमचा निकाल लागू द्या आज!”

मी खुर्ची घट्ट धरली.

“मॅडमच्या पाच,” इंजिनिअर म्हणाला. मग माउसचं चाक फिरवत राहिला. फिरवतच राहिला. “बाकी साऱ्या तुमच्या नावाच्या आहेत, सर. सुरुवातीपासून वाचू?”

सर पंख्याकडे पाहत होते.

“मॅडम, उद्यापासून पक्क्या तुम्ही. इंजिनिअरसाहेब, आता ते बंद करा.”