अंतऱ्यातलं नाव

"बहादूर, पुस्तक बघून शिकवत जा. शब्द चूक आहेत हिचे."

अमरावतीत विशारदच्या परीक्षेला माझ्या विद्यार्थिनीचं, सुनंदाताईंचं, गाणं मध्येच थांबवून गुरुजी मला हे म्हणाले. मी पेटीवर होतो. गुरुजी परीक्षक, त्यांच्या शेजारी बाहेरगावचे दुसरे परीक्षक. दारात नंबर लागायची वाट बघणारी पोरं, त्यांचे आईबाप. सगळ्यांनी ऐकलं.

दुर्गा रागातली ती बंदिश माझी होती. मीच बांधलेली.

आणि माझं नाव बहादूर नाही. बाप नेपाळहून आला, गुरुजींच्या कॉलनीत गुरखा म्हणून लागला. मी नऊ वर्षांचा. खिडकीखाली उभा राहून ऐकायचो, म्हणून गुरुजींनी आत बोलावलं, तंबोऱ्यापाशी बसवलं. ते उपकार मी नाकारत नाही. पण गुरख्याचा पोर म्हणजे बहादूर, हे त्यांनी कधी बदललं नाही. पुढे मी अकोल्यात क्लास काढला, केस पिकले, तरी बहादूरच. मला वाटायचं, माया आहे. मूर्ख होतो.

बंदिशीच्या अंतऱ्यात बांधणारा आपलं टोपणनाव गुंफतो. माझं ‘सेतीपिया’. सेती ही नेपाळातल्या आमच्या गावाखालची नदी. आई तिकडेच वारली आणि मला वेळेत पोचता आलं नाही, त्या दिवसांत ही बंदिश सुचली. गावाचं माझ्यापाशी तेवढंच उरलंय.

परीक्षेच्या आदल्या वर्षी माझ्या बंदिशींची वही गुरुजींकडे दिली. प्रस्तावना लिहून द्या म्हणालो. "ठेव," म्हणाले. नंतर विचारायची हिंमत झाली नाही. गुरूकडे कुणी तगादा लावतं का?

परीक्षेच्या खोलीत त्यांनी टेबलावरचं नवंकोरं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. वर त्यांचं नाव. आत माझी बंदिश. स्वर तेच, शब्द तेच, फक्त ‘सेतीपिया’ काढून तिथे त्यांचं टोपणनाव. पान उलटलं. दुसरी. तिसरी. सगळी वहीच छापली होती.

खरं सांगतो, मी मान खाली घातली. "चुकलं, गुरुजी," म्हणालो. माझ्याच गाण्याबद्दल.

सुनंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या. दर्यापूरची, चाळिशी ओलांडलेली बाई. शेतातली कामं उरकून आठवड्यातून दोनदा एसटीनं अकोल्याला यायच्या. विशारद झाल्या तर गावातली शाळा त्यांना गाणं शिकवायला घेणार होती. त्या मोठ्यानंच बोलल्या, "सर, हे गानं तुमीच बांधलं ना? मंग काहून चूप बसून राहिले?"

गुरुजी हसले. "बाई, ह्या लोकांना सूर आम्ही दिला. बंदिश बांधायला सात पिढ्या जाव्या लागतात."

मला लाज वाटली. त्यांची नाही, स्वतःची. एका बाईनं सगळं पणाला लावून विचारलं होतं आणि मी पेटीच्या पट्ट्या मोजत बसलो होतो.

मी पुस्तक त्यांच्याकडे परत सरकवलं. "बंदिश माझी आहे. शब्द बरोबर आहेत. आणि मला बहादूर म्हणू नका."

मग ताईंना म्हणालो, "अंतरा घ्या. शिकवला तसाच."

"नापास करीन हिला," गुरुजी म्हणाले.

"करा," ताई म्हणाल्या, आणि गायल्या. दुसरे परीक्षक कागद चाळत राहिले.

ताई नापास झाल्या. शाळेनं दुसरं कुणी घेतलं. मी माफी मागायला दर्यापूरला गेलो, तर त्या म्हणाल्या, "माफी नोका मांगू. पुढचा फारम भरला मी."

मधल्या काळात समेट करणारे येऊन गेले. गुरुजींचे पाय धर, पुढच्या आवृत्तीत आभारात तुझं नाव टाकतील म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि दार दाखवलं.

आता क्लासात येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो. इथे अंतरा माझ्या नावासकट शिकवला जातो, परीक्षेत तो चूक धरतात. निम्मे सोडून गेले. जे उरलेत, त्यांना आणि ताईंना घेऊन मी पुन्हा त्याच टेबलासमोर बसणार आहे. जितक्या वेळा ते गाणं थांबवतील, तितक्या वेळा मी पहिल्यापासून वाजवीन.