झाकण सरांनी टांगलेलं चित्र

आमचे चित्रकलेचे सर रंगवायला प्रत्येक पोराला औषधाच्या बाटलीचं एक झाकण भरून पाणी द्यायचे. एकच. त्यातच ब्रश बुडवायचा, त्यातच धुवायचा, आणि सांडलं तर कोरड्या कागदाकडे बघत बसायचं. म्हणून ते झाकण सर. दुष्काळाचं वर्ष. उदगीरजवळच्या आमच्या गावात विहिरीत टँकर ओतला की झुंबड उडायची, आणि हा बाबा प्यायच्या पाण्यात रंग कालवतो म्हणून गाव त्यांच्यावर डाफरायचं. सर उलट गावावर डाफरायचे. "तुमी दारूत पाणी घालता, त्याचं काही न्हाई?" असं तोंडावर विचारायचे.

मला ते मुळीच आवडायचे नाहीत, हे आधीच सांगून टाकते. आजही कुणी त्यांचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं.

सहावीत असताना सगळ्या वर्गाच्या कागदावर एकच चित्र असायचं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. एकदा सरांनी नेमका माझा कागद उचलला. "कुठं पाहिलीस गं ही नदी?" मी ब्रश झाकणात बुडवला. "सांग की, मीबी घागर घिऊन जातो." वर्ग खिदळला. त्यांनी कागद टराटरा फाडला आणि म्हणाले, "डोळ्यानं पाहिलंस त्ये काढ. खोटं काढायला क्यालेंडरवाले हायत."

मेला खडूस! मग मीही इरेला पेटले आणि काढलं. टँकर ओतलेली विहीर, भोवती बायका, आणि लांब बाजूला रिकाम्या घागरीपाशी खाली मान घालून बसलेली माझी आई. आम्ही बौद्ध. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. सगळ्यांचं झालं की कुणीतरी वरून आमच्या घागरीत ओतायचं. कायदा झाला होता म्हणे, तो आमच्या गावापर्यंत पोचला नव्हता. सरांनी चित्र पाहिलं आणि कागद स्वतःच्या पिशवीत घातला.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब शाळा बघायला येणार म्हणून व्हरांडा सारवला, पताका लावल्या, पोरांची चित्रं टांगली. सरांनी माझं चित्र बरोबर दारासमोर टांगलं. मला विचारलं नाही. साहेबांनी चित्रावर बोट ठेवलं. "ही बाई लांब का बसलीय?" सरपंचांचा चेहरा लाल झाला. साहेब चहा घेऊन जीपमध्ये बसून गेले, आणि जीपची धूळ बसायच्या आत हेडमास्तरांनी चित्र उतरवून सरांच्या हातात कोंबलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घागरीत ओतायला एकाही बाईचा हात उचलेना.

आई तरातरा शाळेत आली. "मास्तर, मला भिताडावर टांगलंत. आता घागर कुठं टांगू?"

"खरं व्हतं त्ये, बाई," सर म्हणाले.

"खरं व्हतं तर पाणी तुमी पाजा."

आणि त्यांनी पाजलं. रोज सकाळी उदगीरहून सायकलच्या कॅरेजला तेलाचे दोन डबे बांधून आमच्या दारात उतरवायचे. सर स्वतः वरच्या जातीच्या, शेतीवाडीवाल्या घरातले. त्यांच्या भावकीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आई पाणी घ्यायची, पण त्यांना कधी बसा म्हणाली नाही. चार महिन्यांनी त्यांची नायगावला बदली झाली. सर काय धाडसाचे, असं लोक अजून म्हणतात. धाडस त्यांचं, तहान आमची!

पुढे मी नांदेडला एका संशोधनाच्या कामात लागले. शाळेत चित्रकला शिकलेली मुलं मोठेपणी सांस्कृतिक जीवनात किती भाग घेतात, असा विषय. जुन्या शिक्षकांच्या यादीत झाकण सरांचं नाव निघालं. सोडेन होय! फॉर्म घेऊन नायगावला त्यांच्या घरी धडकले.

"ये. भांडायलाच आली असशील," ते म्हणाले.

"फॉर्म भरायला आलेय," मी म्हटलं. पण दुसऱ्याच प्रश्नाला माझा तोल गेला. "सर, टांगायच्या आधी मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"मग माझं उत्तर ‘नाही’च होतं! तुम्ही कोण ठरवणारे?"

सरांनी चष्मा चढवला. मग माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि एका ओळीवर नख ठेवलं. मुलांच्या कलाकामात कुटुंबाचा सहभाग होता का? "ह्ये वाच. तुझ्या आईचा व्हता. मी तुला न्हाई विचारलं, व्हय, चुकलं माझं. तू तिला विचारलं व्हतंस का, काढायच्या आधी?"

मी फॉर्म परत घेऊन पिशवीत कोंबला. सरांनी कपाटातून एक कागद काढला. कडा पिवळ्या पडलेल्या, पण तेच चित्र. "तिला विचार. ठिवू का फाडू?"

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, ती शिव्या घालेल. ती म्हणाली, "मी कुठं पाहिलंय त्ये? मी शाळेत गेले तवर उतरलं व्हतं. समद्या गावानं मला पाहिलं, मीच न्हाई."

मी तिला घेऊन नायगावला गेले. सरांनी खुर्ची पुढे केली, आई बसली नाही. चित्र तिने डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं, मग जवळ आणून पाहिलं.

"ही मी न्हाई," ती म्हणाली. "मी कवा बसले गं? दोन-दोन घंटे उभी ऱ्हायची मी, वर मान करून. बसले असते तर त्यास्नी वाटलं असतं, हिला सवय झाली."

मी सरांकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांचे कागद फाडत आलेला तो माणूस खाली मान घालून उभा होता, आणि त्याच्या शेजारी मीही.