कांद्याले इचार

आजोबा गेले आणि बाबा-काकांची वाटणी झाली. बैलजोडीतला एक बैल आमच्याकडे आला, एक काकांकडे गेला. भावाभावांचं बोलणं बंद, त्यामुळे एकमेकांना बैल द्यायची सावडही बंद. एका बैलानं वखर चालत नाही. आमचा नुसता चारा खाऊन उभा, त्यांचाही तसाच. नेरजवळच्या त्या घरातून मी बी.एस्सी. करायला यवतमाळला निघालो, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "नापास झाला तं घरी ये. बैलाले जोडीदार पायजेच हाये."

अशा पोराच्या नशिबी गोहोकार सर यायला नको होते. ते पेशीविज्ञान शिकवत आणि कशाचंच सरळ उत्तर देत नसत.

"सर, हे परीक्षेत कसं लिहायचं?"

"मले काय इचारतं? कांद्याले इचार."

म्हणजे कांद्याच्या मुळाचं टोक कापा, रंगवा, काचेखाली दाबा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसा. आमच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि सर मागे उभं राहून सुपारी कातरायचे.

एकदा मी दुभंगणाऱ्या पेशीची आकृती काढली. आईपेशीत सोळा गुणसूत्रं, दोन्ही लेकींना आठ-आठ. माझ्या बैलाची गोष्ट कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होती. सरांनी कागद वर्गासमोर धरला. "अबे, पेशी हाये का तुह्या आज्याची बैलजोडी? निम्मं-निम्मं वाटून कोणाचं भागलं?"

वर्ग हसला. तिरीमिरीत मी पुन्हा डोळा लावला, आणि दिसलं. गुणसूत्राचा प्रत्येक धागा उभा चिरलेला, वाटणीआधीच जुळा झालेला!

त्या दिवशी सर एकदाच सरळ बोलले. "मूळ कसं, पान कसं, फूल कसं, पुरं झाड त्या धाग्यात लिवलेलं राह्यते. पेशी आधी सगळ्याची नक्कल करते, मंग वाटते. अन् जिले जे काम, ते तेवढंच वाचते. बाकीचं मिटून ठेवते."

"मग पानातही मूळ लिहिलेलं असेल. ते का उघडत नाही?" मी विचारून बसलो. सरांनी कुंडीतल्या पानफुटीचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं. "हिले इचार."

परीक्षा तोंडावर आणि मी खिडकीत ठेवलेल्या पानाकडे बघत बसलेला! शेवटी पानाच्या कडेला इवली रोपं आली, खाली पांढरी मुळं. मिटलेलं उघडलं होतं. मला आनंद झाला, तेवढाच सरांचा रागही आला. हे तोंडानं सांगता आलं नसतं?

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "मुळातली पेशी दुभंगली, तर प्रत्येक लेकीला गुणसूत्रं किती?"

"सगळी," मी म्हणालो. "आधी नक्कल, मग वाटणी."

बाहेर येऊन सरांना गाठलं. "बरोबर सांगितलं ना, सर?"

"मले काय इचारतं?" म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

मी पास झालो. आमच्या गावातला पहिला बी.एस्सी. बाबांना बैलासाठी दुसरा जोडीदार बघावा लागला.